वस्तीतल्या वाटेवर बुजणारा घोडा: रेटावे, उतरावे की परतावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडा नऊ वर्षांचा, खच्ची केलेला. रिंगणात शहाण्यासारखा वागतो आणि मोकळ्या रानात त्याहून शांत असतो. मात्र तबेल्यापासून रानापर्यंत पोहोचण्यासाठी उपनगरातून जाणारी सुमारे तीन किलोमीटरची अरुंद वाट पार करावी लागते आणि सगळी अडचण त्या वाटेवर आहे. घरांच्या मागच्या कुंपणांना लागून ठेवलेले कचऱ्याचे डबे, एका कुंपणाआडून अंगावर धावून येणारा कुत्रा, पाठीमागून आवाज न करता येणारे सायकलस्वार, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारी मुले आणि शेवटी ओढ्यावरचा लाकडी फळ्यांचा पूल. घोडा डब्यांपाशी बुजतो, पुलापाशी अडतो आणि परतताना घराच्या ओढीने चालायचे सोडून दुडकत राहतो. तबेल्यातले काही जण म्हणतात, ‘एकदा त्याला जिंकू दिलेत तर डोक्यावर बसेल, टाच मारून रेटा.’ काही जण उतरून हाताने न्यायला सांगतात, आणि एकाने अधिक कडक बिट, म्हणजे लगामाला जोडलेला तोंडातला लोखंडी तुकडा, घालण्याचा सल्ला दिला आहे. यांतले कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

हे तिन्ही सल्ले एकाच क्षणाबद्दल आहेत: घोडा अडथळ्यापाशी पोहोचून बिघडल्यानंतर स्वाराने काय करावे. तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अशा वाटांवरून नवे घोडे आणि नवे स्वार नेण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे, आणि माझे मत असे बनले आहे की वस्तीतल्या वाटेवरचा खरा अडथळा डबा किंवा पूल हा नसतो. तिथे घोड्याला अंतर मिळत नाही, ही खरी अडचण असते. ते अंतर त्याला मिळवून देणे हे स्वाराचे काम आहे आणि उतरावे की बसून राहावे हा प्रश्न त्यानंतरचा.

काही गोष्टी घोडा आणि वाट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत, त्या आधी मांडतो. घोडा रानात शांत आणि फक्त कडक रस्त्यावर चिडचिडा असेल, तर प्रथम खुरांची तपासणी करून घ्यावी. मऊ मातीवर मोकळी पावले टाकणारा घोडा डांबरावर आखूड पावले टाकू लागला, की त्याला पायांत काही तरी खुपते आहे असे समजावे. दुखऱ्या पायांचा घोडा साध्या गोष्टींनाही बुजतो. तो नेहमी एकाच बाजूच्या वस्तूंना बुजत असेल तर पशुवैद्याकडून त्या बाजूचा डोळा तपासून घ्यावा. खोगीर पाठीवर नीट बसते का, दातांना धार आली आहे का, हेही याच वेळी पाहावे. या वाटेवर घोडे नेण्याची परवानगी आहे ना, याचीही खात्री करावी. शिवाय तुमची स्वतःची मांड किती पक्की आहे यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत, आणि ते मला दिसत नाही. त्यामुळे एखादी सूचना अवघड वाटली तर ती गाळावी किंवा जाणकार माणसाला सोबत घेऊन करावी.

आता अंतराविषयी. रानात हरीण दिसले तरी ते शंभर मीटरवर दिसते. घोडा थांबतो, मान उंचावतो, कान टवकारतो, बघतो आणि ठरवतो की पळण्याचे कारण नाही. संकटापासून पळून जीव वाचवणाऱ्या या प्राण्याला निर्णय घेण्यासाठी अंतर आणि वेळ या दोनच गोष्टी लागतात, आणि रानात दोन्ही आपोआप मिळतात. वस्तीतल्या वाटेवर दोन्ही बाजूंना कुंपणे असतात, वळणापलीकडचे काही दिसत नाही आणि डबा एकदम समोर येतो. घोडा चालीने ताशी सहा ते सात किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास. वीस मीटरवर दिसलेल्या डब्यापाशी तो अकरा-बारा सेकंदांत पोहोचतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने मागून येणारा सायकलस्वार त्याच वीस मीटरवर असला, तर तो पाच-सहा सेकंदांत घोड्याच्या मांडीशी येतो. एवढ्या वेळात घोड्याला विचार करता येत नाही. तो फक्त दचकू शकतो.

त्याची नजरही आपल्यासारखी नसते. डोके जवळपास न हलवता त्याला साधारण ३५० अंशांचा परिसर दिसतो, पण त्यातला दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा फक्त समोरचा, ६५ ते ८० अंशांचा असतो. शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली, त्याला दिसत नाही. म्हणजे पुलाची पहिली फळी ऐन पाय टाकायच्या वेळी त्याच्या नजरेआड जाते, आणि ती पाहण्यासाठी त्याला मान खाली घालावी किंवा बाजूला वळवावी लागते. नेमक्या त्याच वेळी घाबरलेला स्वार लगाम आखडून धरतो आणि त्याचे पाहणेच बंद करतो. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा अधिक वेळ घेतात, म्हणून झाडांखालचा काळोखा पट्टा किंवा रस्त्याखालचा बोगदा त्याला खड्ड्यासारखा वाटू शकतो. ट्रॅम्पोलिनचेही तसेच आहे: कुंपणावर अर्धे शरीर वर येते, नाहीसे होते, पुन्हा येते, आणि त्याला पायच दिसत नाहीत. अशा दृश्याला घोडा बुजला तर त्याला वेडसर म्हणण्याचे कारण नाही.

आणखी एक अनुभव पुष्कळ स्वारांना येतो: जाताना ज्या डब्याकडे घोड्याने ढुंकूनही पाहिले नाही त्यालाच तो परतताना बुजतो. एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्या डोळ्याला कळतच नाही, असे यावर सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. दोन्ही डोळ्यांची माहिती घोड्याच्या मेंदूत एकत्र येते. वस्तूची दिशा बदलली की तिचा आकार बदलतो आणि घोड्याच्या लेखी ती नवी वस्तू ठरू शकते, एवढेच त्यामागचे कारण आहे. त्यामुळे सराव जाताना आणि येताना असा दोन्ही दिशांनी झाला पाहिजे, आणि परतीच्या वाटेवर ‘हे तर मघाशीच पाहिले ना’ असे म्हणून घोड्याला रागावू नये.

यानंतरचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. दूध उतू जाते ते शेवटच्या क्षणी, पण तापत असते बऱ्याच आधीपासून. तुमचा घोडा डब्याला बुजतो असे तुम्ही लिहिले आहे. माझी शंका अशी की कुत्रा डब्यांच्या आधी आहे. एका घोडीच्या बाबतीत हेच घडत होते. निळ्या डब्यापाशी ती हमखास आडवी उडी मारायची, म्हणून मालकाने तसाच निळा डबा तबेल्यात आणून ठेवला आणि ती चार दिवसांत त्यावर ठेवलेले गवत खाऊ लागली. वाटेवर मात्र फरक पडला नाही. मी तिच्यावर बसून गेलो तेव्हा कारण मांडीखाली जाणवले. त्या आधीच्या कुंपणामागे साखळी खळखळली, कुत्रा भुंकलाही नाही, पण घोडीचा डावा कान तिकडे वळून तिथेच राहिला, बरगड्या फुगल्या आणि श्वास बाहेर पडलाच नाही. पुढची साठ-सत्तर पावले ती तशीच चालली. तिने मान खाली घेतली नाही की एकदाही फुरफुरली नाही. त्यानंतर जे पहिले समोर आले त्याला ती बुजली, आणि तो डबा होता. दुसऱ्या खेपेला कुंपण ओलांडल्यावर रुंद जागी तिला उभे केले, लगाम सैल सोडला आणि ती श्वास सोडून फुरफुरेपर्यंत थांबलो. मग डब्याजवळून ती फक्त एक कान वळवून गेली.

म्हणून पहिले काम घोड्याशिवाय करावे. संपूर्ण वाट एकदा पायी चालून पाहावी आणि दोन प्रकारच्या जागा लक्षात ठेवाव्यात: जिथे घोडा तापेल अशा जागा, आणि जिथे वाट इतकी रुंद आहे की त्याला बाजूला घेऊन उभे करता येईल अशा जागा. या दुसऱ्या प्रकारच्या जागा माझ्या दृष्टीने अधिक मोलाच्या आहेत. कचरा कोणत्या दिवशी उचलतात, शाळा कधी सुटते, गवत कापण्याची यंत्रे कधी चालू होतात, हे पाहून सुरुवातीच्या खेपा शांत वेळी ठेवाव्यात. वारा जोरात असेल त्या दिवशी नवा धडा घेऊ नये. हलणाऱ्या वस्तू वाढतात आणि कोणता आवाज कुठून आला हे घोड्याला नीट ओळखता येत नाही.

दुसरे काम रिंगणातले. वाटेवर उपयोगी पडणारी हत्यारे मोजकीच आहेत: सांगितल्यावर थांबणे, सांगितल्यावर निघणे, पोटरीच्या हलक्या दाबाने बाजूला सरकणे, दोन-तीन पावले सरळ मागे येणे आणि हलक्या संकेतावर मान खाली घेणे. घोडा शांत असताना यांतले एखादे दहापैकी सात वेळाच जमत असेल, तर घाबरलेल्या अवस्थेत ते जमणारच नाही असे धरून चालावे. अनेक स्वार घरी रंगीत चेंडू, छत्र्या आणि प्लास्टिकच्या ताडपत्र्या यांची जत्रा भरवतात आणि घोडा त्यांना सरावला की वाटही जमेल असे समजतात. त्याचा उपयोग नाही असे म्हणत नाही, परंतु घोडा वस्तूइतकीच जागाही लक्षात ठेवतो आणि रिंगणातला डबा वाटेवरच्या डब्याची हमी देत नाही. त्यापेक्षा कोणतीही विचित्र वस्तू दिसल्यावर थांबायचे, पाहायचे आणि स्वाराच्या सूचनेची वाट पाहायची, ही सवय घरी लावता येते आणि ती सोबत वाटेवर येते.

ती सवय अशी लावावी. वस्तूकडे जाताना घोड्याचे लक्ष ज्या अंतरावर प्रथम तिकडे जाते, म्हणजे दोन्ही कान तिकडे रोखले जातात किंवा पावलाची लय किंचित अडखळते, ते अंतर ओळखावे. काम तिथे करायचे असते. वस्तूपासून दोन मीटरवर, जिथे तो डोळे वटारून उभा राहतो, तिथे नव्हे. त्या अंतरावर थांबावे, लगाम लांब द्यावा आणि त्याला पाहू द्यावे. त्याने श्वास सोडला, मान उतरवली किंवा एक कान तुमच्याकडे वळवला की लगेच त्याला वळवून थोडे मागे न्यावे, आणि पुन्हा यावे. हे मागे नेणे त्याचे बक्षीस असते आणि ते तुम्ही दिलेले असते. दर खेपेला थांबण्याची जागा आपोआप पुढे सरकते. वस्तूला नाक लावलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. कुतूहल वाटले तर तो स्वतः नाक लावतो. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी असतात. काही घोड्यांना मात्र उभे राहणेच असह्य होते, पाय थांबले की त्यांची भीती वाढते. अशा घोड्याला उभे करण्यासाठी झगडू नये. त्याच अंतरावर हळू चालीने इकडून तिकडे फिरवत ठेवावे आणि तो निवळू लागला की दूर न्यावे. तुमचा घोडा यांपैकी कोणत्या स्वभावाचा आहे हे एका दिवसात कळते.

वस्तूजवळून जाताना स्वाराकडून सहज होणारी एक गोष्ट टाळावी, ती म्हणजे घोड्याचे तोंड डब्याकडे वळवणे. त्याने ‘बघावे’ म्हणून आपण तोंड तिकडे वळवतो आणि त्याचे मागचे धड विरुद्ध दिशेला, म्हणजे सायकली किंवा गाड्या जिथून जातात तिकडे फिरते. पाहण्याचे काम दुरून आणि थांबून करून घ्यावे. जवळून जाताना मान डब्यापासून किंचित दुसरीकडे वळलेली असावी आणि रहदारीच्या बाजूच्या पोटरीने मागचे धड वाटेत जाऊ देऊ नये. तुम्ही स्वतः मात्र डब्याकडे पाहू नये. नजर वाटेच्या पुढच्या टोकावर असावी.

स्वाराच्या मनःस्थितीबद्दल स्वीडनमधील एक प्रयोग मी नेहमी सांगतो, कारण तो अगदी या प्रसंगाचा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माणसांना घोडे घेऊन एकाच मार्गाने, काहींना हाताने धरून तर काहींना स्वार होऊन, चार वेळा जायला सांगितले होते. शेवटच्या खेपेपूर्वी त्यांना सांगण्यात आले की वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. ‘धीट बना’ असे नुसते सांगून याचा उपाय होत नाही, कारण ठोके आपल्या ताब्यात नसतात. ताब्यात असतो तो श्वास, लगामावरची पकड आणि आवाज. डब्यापूर्वी लांब श्वास सोडत मोठ्याने काही तरी बोलत राहावे. बोलताना श्वास रोखून धरता येत नाही, आणि स्वाराचे अंग आपोआप सैल पडते.

आता ‘जिंकू देऊ नका’ या सल्ल्याकडे येतो. घोडा हार-जीत मोजत नाही. अमुक केल्यावर दडपण उतरले की वाढले, एवढाच त्याचा हिशेब असतो, आणि ज्या कृतीनंतर सुटका झाली ती कृती तो पुन्हा करतो. त्या सल्ल्यात तथ्य आहे ते इतकेच: घोडा गर्रकन मागे फिरला आणि तुम्ही त्याला तसेच घरी जाऊ दिले, तर मागे फिरणे फायद्याचे आहे हे तो शिकतो. परंतु टाच आणि चाबूक यांनी रेटल्यास तो दुसरे काही शिकतो, की डबा दिसला की दुखते. पुढे भीती आणि मागे मार, अशा कोंडीत सापडलेल्या घोड्याला वरच तेवढी मोकळी दिशा उरते आणि तो मागच्या दोन पायांवर उभा राहतो. डांबरावर, अरुंद जागी, याहून वाईट काही नाही. म्हणून तो फिरण्याच्या आधी, तुमच्या निर्णयाने, दोन पावले मागे या किंवा वळून मागच्या रुंद जागेपर्यंत जा. तो फिरलाच तर जिथे तो शेवटचा शांत होता तिथपर्यंत जाऊन त्याला उभे करा, निवळू द्या आणि मग पुन्हा थोडे पुढे या. त्या दिवशी अडथळा ओलांडला नाही तरी चालेल. तोंड वाटेच्या पुढच्या दिशेला असताना घोडा शांत उभा राहिला, की तिथूनच घरी वळावे.

कडक बिटचे उत्तर यातच आहे. घोडा उधळत असेल आणि आताच्या बिटने थांबतच नसेल, तर त्याचे थांबण्याचे शिक्षण रिंगणात पुन्हा करावे लागेल. बुजण्यावर मात्र बिट हा उपाय नाही, कारण बुजल्याबरोबर स्वाराचा हात आखडतो आणि नेमक्या भीतीच्या क्षणी तोंडात कळ येते. एका लगामाने वळवून थांबवण्याची युक्ती अनेकांना शिकवलेली असते. ती चालीवर किंवा दुडकीच्या सुरुवातीला उपयोगी पडते, पण अरुंद वाटेवर वेगात असलेल्या घोड्याची मान तशी ओढली तर तो पाय अडखळून स्वारासकट पडू शकतो.

उतरावे की नाही, यावर माझा नियम असा आहे की उतरायचे तर लवकर उतरावे. घोडा फुगून उड्या मारू लागल्यावर उतरणे, म्हणजे एक पाय रिकिबीत आणि एक हवेत असताना त्याच्या मर्जीवर राहणे. पूल दिसू लागला, घोड्याची चाल अजून शिस्तीत आहे आणि तुम्हाला शंका वाटते आहे, ही उतरण्याची योग्य वेळ. यात कमीपणा नाही, आणि उतरल्याने घोडा बिघडतो असेही मी पाहिलेले नाही. मात्र तो हाताने नीट चालणारा हवा. म्होरकी धरून नेताना अंगावर येणारा घोडा असेल, तर त्याच्या पाठीवरच तुम्ही अधिक सुरक्षित असता. पुन्हा चढण्यासाठी कठडा किंवा ओटा कुठे आहे हेही आधी पाहून ठेवावे.

उतरल्यावर रिकिबी वर सरकवून अडकवाव्यात, नाहीतर त्या कठड्यात किंवा झाडीत गुंततात. लगाम मानेवरून पुढे घ्यावा आणि हाताला कधीही गुंडाळू नये. हातमोजे असावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोड्याच्या समोर उभे राहून त्याला ओढू नये. घाबरलेला घोडा पूल चालत ओलांडण्याऐवजी उडी मारतो, आणि तो जिथे उतरेल तिथे तुम्ही उभे असता. खांद्याच्या बाजूला, हाताएवढे अंतर ठेवून चालावे.

पुलाबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. घोड्याचे वजन चारशे-पाचशे किलो असते, त्यात खोगीर आणि स्वार; आणि हा भार चार खुरांच्या लहान जागांवर, चालताना त्याहून कमी जागांवर पडतो. पादचाऱ्यांसाठी बांधलेला पूल हे वजन पेलेलच असे नाही, म्हणून तो घोड्यांसाठी आहे हे खात्रीने कळल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये. पुलाखाली वाकून तुळया पाहाव्यात, फळ्यांवर टाच दाबून पाहावी आणि कठड्याची उंची पाहावी. कमी उंचीच्या कठड्याच्या पुलावर स्वार होऊन जाणे मला धोक्याचे वाटते. ओल्या, शेवाळलेल्या फळ्यांवर नाल ठोकलेला घोडा घसरतो. घोड्याला पुलाची फार भीती वाटते ती पोकळ आवाजामुळे, कारण पायांखालची जमीन एकाएकी बोलू लागते. त्याची तयारी घरी करता येते. जाड, रुंद फळी प्रथम जमिनीवर सपाट ठेवावी, मग खाली मजबूत आडव्या पट्ट्या देऊन ती थोडी उंच करावी, म्हणजे तसाच पोकळ आवाज येतो. घोड्याने एक पाय ठेवला की तो स्वतः काढायच्या आत त्याला मागे यायला सांगावे. पुढे रेटण्यापेक्षा याने लवकर काम होते, कारण परतीचा रस्ता उघडा आहे हे कळल्यावर घोडा दुसरा पाय मोकळेपणाने टाकतो. खऱ्या पुलावर मात्र चारही पाय गेल्यानंतर मध्येच वळवू नये. सरळ पलीकडे जावे.

सोबत एखादा अनुभवी घोडा मिळाला तर निम्मे काम होते, पण त्याचा क्रम ठरवून ठेवावा. आधी तो पुढे, मग रुंद जागी शेजारी आणि रहदारीच्या बाजूला, नंतर मागे, आणि शेवटी तुमचा घोडा एकटा. पुढच्या घोड्यामागे एका घोड्याच्या लांबीचे, म्हणजे किमान अडीच मीटरचे अंतर ठेवावे. पूल ओलांडल्यावर पुढच्या स्वाराने तिथेच थांबावे. तो निघून गेला तर मागे राहिलेला घोडा सोबतीसाठी पुलावर झेप घेतो.

सायकलस्वारांविषयी तक्रार करण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे. ‘मागून येताना आवाज द्या, नुसती घंटा वाजवू नका’ एवढे हसून सांगितले तर बहुतेक लोक ऐकतात. माणसाचा आवाज ऐकला की मागे माणूस आहे हे घोड्याला कळते. सायकल दिसताच रुंद जागी उभे राहून घोड्याचे तोंड थोडे तिच्याकडे करावे, म्हणजे ती त्याच्या नजरेआडून येत नाही. मोकळा कुत्रा आला तर पळू नये. घोडा त्याच्याकडे तोंड करून उभा करावा आणि जाड आवाजात दरडावावे; पुष्कळ कुत्रे तिथेच थांबतात. ट्रॅम्पोलिनवरच्या मुलांच्या आईवडिलांना एकदा दार वाजवून विचारावे. मुलांना दोन मिनिटे थांबून घोड्याला हाका मारायला सांगितले तर त्यांनाही मजा वाटते आणि घोड्याला ती उडती डोकी म्हणजे मुले आहेत हे समजते. फक्त कोणी प्रेमाने कापलेले गवत खाऊ घालू लागले तर नम्रपणे नको म्हणावे. यंत्राने कापून ढीग केलेले गवत लवकर आंबते आणि घोड्याच्या पोटात जीवघेणी कळ उठवू शकते. कुंपणांच्या झाडीलाही तोंड लावू देऊ नये, कारण शोभेसाठी लावलेली कण्हेर घोड्याला अगदी थोड्या पानांनीही मारते.

कपड्यालत्त्याबद्दल फार लिहीत नाही. हेल्मेट प्रमाणित असावे आणि एकदा जोराने आपटले की बदलावे, अंगावर भडक रंगाचे जाकीट असावे, बुटाला टाच असावी. फोन खोगिराच्या पिशवीत न ठेवता स्वतःच्या अंगावर ठेवावा. घोडा उधळून गेला तर फोनही त्याच्याबरोबर जातो. लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे यांवरून नाल घसरते, त्यामुळे वळणावर ते टाळावेत आणि डांबरावर दुडकी काढू नये.

राहिली परतीची घाई. घरी सोबती आहेत, चारा आहे आणि वाटेवरचा सगळा ताण तिथे संपतो, त्यामुळे घोड्याची ओढ स्वाभाविक आहे. लगाम सतत ओढून धरला तर तो त्यावर भार टाकून अधिकच दुडकतो. क्षणभर धरावे, चाल येताच सोडावे, पुन्हा दुडकला की पुन्हा धरून सोडावे; कंटाळवाणे आहे पण याला पर्याय नाही. शेवटचा अर्धा किलोमीटर उतरून, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एक छिद्र सैल करून सोबत चालत यावे. कधी तबेल्याच्या फाटकावरून सरळ पुढे जाऊन मग परत यावे, आणि पोहोचल्याबरोबर चारा न देता दहा मिनिटे रिंगणात साधे काम घ्यावे, म्हणजे घर गाठण्याची घाई करण्याजोगे काही उरत नाही. आणि सुरुवातीला खेपाच लहान ठेवाव्यात. पहिल्या रुंद जागेपर्यंत जाऊन शांतपणे परत आलेला घोडा, पूर्ण तीन किलोमीटर लढत गेलेल्या घोड्यापेक्षा पुढच्या खेपेला अधिक सोपा असतो.

किती दिवस लागतील हे घोड्यावर आणि तुम्ही किती सलग काम करता यावर अवलंबून आहे. प्रगती मोजताना तो बुजला की नाही हे पाहू नये. बुजल्यानंतर किती पावलांत त्याचा श्वास सुटतो ते पाहावे. हे अंतर आठवड्यागणिक कमी होत असेल तर तुम्ही योग्य मार्गावर आहात. ते वाढत असेल, किंवा तो तबेल्यातून निघतानाच तापलेला असेल, तर काम थांबवून जाणकार प्रशिक्षकाला वाटेवर सोबत बोलवावे. काही घोडे सगळे करूनही वस्तीत सुखी होत नाहीत. तुमचा त्यांतला निघाला, तर ट्रेलरमधून त्याला रानाच्या तोंडाशी नेऊन तिथून स्वारी सुरू करावी; रानात तो चांगला आहे असे तुम्हीच लिहिले आहे.